कासवाच्या नाकावर फोडलेला नारळ

"लावा मावशी, चार्जिंगला लावा."

"न्हाई लावनार."

"नाही म्हणजे?"

"न्हाई म्हंजी न्हाई. झाडायला सांगा, पुसायला सांगा, संडास धुवायला सांगा, धुते. पर ह्याला आज वायर लागनार न्हाई."

"अहो पण का?"

"गरम हाय."

"उन्हात असेल ठेवलं. गरम होणारच."

"उन्हात कुठलं? अकराला पान्यातनं काढलं, तवाधरनं हितं सावलीत बसलंय. पान्यातनं निघालेलं जितराब पाच तासांनी बी गरम लागतंय व्हय? हात लावून बघा की."

पार्थने हात लावला नाही. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, चार वाजून दहा मिनिटं झालीत. उद्या आठ वाजता स्पर्धेला बारा शाळा इथे येणार आहेत. पाहुणे येणार, फोटोवाले येणार. आणि तळाला काय पडलंय बघितलंत ना? सातविणीचा फुलोरा! अख्खी दिवाळीची रांगोळी झालीय खाली."

"झाडीन की मी."

"तुम्ही झाडणार! पंचवीस मीटर!"

"दोन वर्सांमागं कोन झाडत हुतं? तुमचा मामा?"

पार्थला हसू येणार होतं, पण त्याने ते गिळलं. सव्वीस वर्षांचा पोरगा. नगरच्या सावेडी भागाच्या टोकाला असलेला हा पोहण्याचा टँक वडिलांनी, आप्पासाहेबांनी, वर्षापूर्वी त्याच्या हाती दिला, आणि तेव्हापासून तो रोज असा वावरायचा, जणू कुणीतरी भिंतीआडून त्याला मार्क देतंय.

भांडण चाललं होतं ते कासवावरून. कासव म्हणजे टँकचा तळ झाडणारं यंत्र. परातीएवढं, निळ्या पाठीचं, पोटाखाली चाकं आणि ब्रश. वायर नाही, दोरी नाही. पोटातल्या बॅटरीवर दोन-अडीच तास पाण्याखाली फिरायचं आणि कचरा गिळायचं. कंपनीने त्याला भलतंच लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. पोहायला येणाऱ्या मुलींनी पहिल्याच दिवशी 'कासव' म्हटलं आणि तेच राहिलं.

त्या घटकेला ते जिन्याखालच्या बोळात आपल्या ढकलगाडीवर बसलेलं होतं. चार्जिंगचा बोर्ड तिथेच होता. आणि त्या बोर्डापासून चार पावलांवर मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी होती, तीही वर, हवेपुरती. पाण्यात आत्ता बावीस मुली सराव करत होत्या. पावणेपाचला त्या बाहेर येणार, ओल्या अंगाने याच बोळातून खिदळत आत जाणार आणि दार लावून घेणार.

टँकची झाडलोट बघणाऱ्या बनुबाईच्या डोळ्यांसमोर सारखं ते दार येत होतं.

"मी सेल्सवाल्याला फोन केला होता मघाशी," पार्थ म्हणाला. "तो म्हणतो, थोडं गरम नॉर्मल आहे."

"त्यानं हात लावला हुता का?"

"मावशी, तो पुण्यात बसतो!"

"मंग पुन्यातनं हात कसा लावंल? मी लावलाय. दोन वर्सं रोज लावते. मला ह्याचं अंग ठाऊक हाय."

"बरं, गरम आहे. मान्य. अजून काय? एक कारण सांगा. खरं कारण सांगा, मी नाही लावत."

बनुबाई पदराने कासवाची पाठ पुसू लागली.

खरं कारण तिच्या जिभेवरच होतं. अठरा दिवस ते तिथेच होतं. सांगितलं तर काम जाणार, हे तिला दिसत होतं. आणि काम गेलं की टँकच्या मागची पत्र्याची खोली जाणार, कारण खोली कामाबरोबर मिळालेली. खोली गेली की ऊसतोडीच्या गोरक्षनाथ मुकादमाचा फोन घ्यावा लागणार. तो दसऱ्यापासून चारदा येऊन गेला होता. "बनुबाई, हंगाम लागतोय. तुमची दोघांची जोडी लिहू का?" तिच्या नवऱ्याची, सूर्यभानची, कंबर गेलेली, हे मुकादमाला माहीत होतं. तरी तो विचारत होता, कारण त्याला हेही माहीत होतं की टँकवरची बाई आज ना उद्या काढली जाते आणि उसाला कोयता कायमच कमी पडतो.

बनुबाईचं माहेर खर्ड्याजवळ, सासर तिथून दोन कोसांवर. दोन्हीकडे पाणी नसण्याची एकच कथा. लग्नानंतर सोळा हंगाम तिने ऊस तोडला. पहाटे थंडीत पाचट अंगाला कापायची, हात फुटायचे, कोयता चालायचा. सतराव्या हंगामात सूर्यभान डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत असताना फळी सरकली. तो खाली, मोळी त्याच्यावर. त्याच्या कंबरेत जे बिनसलं ते बिनसलंच. मग नात्यातल्या एकाच्या ओळखीने ही दोघं नगरला आली आणि जिने कधी कमरेच्या वर पाणी पाहिलं नव्हतं तिला पाच लाख लिटर पाणी सांभाळायला मिळालं.

पोहता तिला आजही येत नव्हतं. पण पाणी ती वाचायची. सकाळी नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा: लिंबाच्या सरबतासारखा झाला तर बरोबर, हळदीसारखा धमक झाला तर औषध जास्त. बुडाशी हिरवट झाक दिसली की तिला आदल्या रात्रीच अंदाज आलेला असायचा. क्लोरीनच्या ड्रमची झाकणं ती अशी लावायची, जशी कुणी दह्याच्या गाडग्यावर फडकं बांधावं.

कासव आलं तेव्हा मात्र ती हबकली होती. सूर्यभान खाटेवरून म्हणाला होता, "झालं. आता तुझं काम त्यो करनार." पहिल्याच दिवशी कासव तळाच्या जाळीवर चढलं आणि तिथेच गरगरत बसलं. आकड्याच्या काठीने बनुबाईने त्याला सोडवलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, "अडकत असशील तर तू माझाच." तेव्हापासून ती त्याला धुवायची, पुसायची, चार्जिंगच्या भोकावरचं रबर काढून आत फुंकर मारायची, कोरडं झालं का बघायची आणि मगच वायर लावायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओल्या हाताने बटण दाबू नये एवढं तर तिला कळत होतं.

आणि आली खंडेनवमी.

त्या दिवशी टँक बंद होता. पार्थने पंपाच्या मोटारीची पूजा केली, आपल्या गाडीची केली, ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही कुंकवाचं बोट लावलं. नारळ मोटारीपुढे फरशीवर फुटला. कासव कोपऱ्यात तसंच. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. बनुबाईच्या मनाला ते लागलं. सोळा वर्षं या दिवशी तिने कोयता पुजला होता. ज्याच्यावर भाकरी, त्याची पूजा. तिची भाकरी आता कोयत्यावर नव्हती.

सगळे गेल्यावर तिने कासवाला न्हाऊ घातलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं तोरण पाठीवर टाकलं. आणि नारळ घेतला. सूर्यभान दरवर्षी बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर नारळ फोडायचा, खाडकन, एका घावात. लोखंडाची धाव, तिला काय होणार? बनुबाईने तोच हात उचलला आणि नारळ कासवाच्या नाकावर घातला.

नारळ फुटला. आणि आणखी काहीतरी फुटलं.

आवाज तिला आला. ओल्या काटकीसारखा, बारीक. नारळाचं पाणी कासवाच्या नाकावरून ओघळलं आणि वाटेतच कुठेतरी आत गेलं. तिने कुंकू पुसून बघितलं. नाकापासून पाठीपर्यंत केसाएवढा तडा. बॅटरी तिथेच, त्याच्या बरोबर खाली.

तिने काय करावं? नळाच्या गळतीला लावतात ती लुगदी तिने मळली, तड्यात भरली, वरून कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पार्थ दुसऱ्या दिवशी बघून म्हणाला, "वा मावशी, कासवाचंही लग्न लावलंत की!" ती हसली. त्या हसण्याचीच तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"बोला ना," पार्थ म्हणाला. "कारण?"

"त्याचं पोट बघा," ती म्हणाली. खरं नाही, पण खऱ्याच्या जवळचं काहीतरी. "सपाट बसत न्हाई. डुगडुगतंय."

"चाक झिजलं असेल."

"चाक न्हाई. फुगलंय ते."

"काहीही हं मावशी." पार्थने भिंतीवरचा चार्जर ओढला, कासवाचं रबर बाजूला केलं आणि पिन आत सारली. केशरी दिवा लुकलुकायला लागला. "हे बघा. लागलं. काही झालं? स्फोट झाला?"

बनुबाईने हात लांब करून पिन उपटली.

"मावशी!"

"पार्थदादा, पाया पडते, आज नको. पोरी घरला जाऊ द्या, मंग बघू."

"पोरी पावणेपाचला बाहेर येणार, सहापर्यंत त्यांचं आवरत नाही. सहाला लावलं तर नऊला भरणार. मग ते पाण्यात कधी सोडायचं? मध्यरात्री?"

"सोडूच नका."

"मग पप्पांना काय सांगू? बनुमावशीला स्वप्न पडलं?"

बोळाच्या तोंडाशी दिशा उभी होती. मुलींना शिकवणारी, गळ्यात शिटी, केसांना पाणी. "काय चाललंय? आवाज पलीकडच्या काठापर्यंत येतोय. मावशी, मी मुलींना जरा लवकर काढते हं. दोघी-तिघींचे ओठ निळे पडलेत."

"नको!"

बनुबाईचा आवाज इतका मोठा निघाला की तिचा तिलाच वेगळा वाटला. दिशाने भुवया उचलल्या.

"का हो?"

"फरशी... फरशी निसरडी हाय. पुसायची हाय. धा मिंटं थांबा."

दिशाने फरशीकडे बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. मग तिने पार्थकडे बघितलं.

"काही नाही गं," पार्थ म्हणाला. "मावशींचं आणि कासवाचं भांडण झालंय. तू काढ मुलींना."

"धा मिंटं, दिशाताई!"

"बरं, दहा मिनिटं," दिशा म्हणाली, आणि मागे वळून वळून बघत गेली.

पार्थ आता खरा चिडला होता. पण चिडला की तो आवाज खाली आणायचा, आप्पासाहेबांसारखा. "ठीक आहे. तुम्हाला इथे नको ना? बोळात नको? मग औषधाच्या खोलीत नेऊन लावू. तिकडे बोर्ड आहे, दार बंद होतं, मुली फिरकत नाहीत. झालं समाधान?"

औषधाची खोली म्हणजे क्लोरीनचे चार ड्रम. एकदा पावसाळ्यात एका ड्रममध्ये कुणाच्या हातून ओलं डबडं पडलं होतं, तर त्यातून असा भपका निघाला की बनुबाई तासभर खोकत अंगणात बसली होती. नुसत्या ओल्या डबड्याने तसं. तिथे हे तापलेलं नेऊन ठेवायचं?

"कडब्याच्या गंजीत चूल मांडू म्हनता?"

"मग कुठे लावू? माझ्या डोक्यावर?" त्याने पिन पुन्हा लावली. दिवा पुन्हा लुकलुकला. आणि या वेळी तो बोर्डासमोर पाय रोवून, हाताची घडी घालून उभा राहिला. "आता काढून दाखवा."

ती काढू शकत नव्हती. तिच्या आणि बोर्डाच्या मध्ये मालकाचा मुलगा होता. त्याला ढकलून पुढे जावं, एवढं धाडस तिच्यात नव्हतं.

पाण्यातून मुलींचा आरडाओरडा येत होता. कुणीतरी कुणाला तरी उडवत होतं. एक पातळ आवाज म्हणत होता, "मॅम, हिला सांगा ना!" शिटी वाजली. केशरी दिवा लुकलुकत होता. बनुबाईने वाकून कासवाच्या पाठीवर तळवा ठेवला, अठरा दिवस ठेवायची तसा.

अठरा दिवस. रोज अकरा ते दोन टँक रिकामा असायचा तेव्हा ती चार्जिंगला लावायची आणि शेजारी फतकल मारून बसायची. तळवा त्याच्या पाठीवर. जेवायला खोलीवर जायची नाही; सूर्यभान हाका मारायचा, ती "आले आले" म्हणायची आणि हलायची नाही. हाताखाली ऊब जरा वाढली की पिन काढायची, निवलं की लावायची. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं. पण आज ऊब नव्हती. आज तवा होता. तळव्याखाली काहीतरी बारीक टिकटिकलं. एकदा. मग पुन्हा. आणि नाकाजवळच्या तड्यातून एक वास आला, गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा.

"दादा, काढा ती वायर."

"कारण."

"काढा म्हनते!"

"कारण, मावशी."

"मी फोडलंय त्याला!"

पार्थची घडी सुटली नाही. "काय?"

"खंडेनवमीला. नारळ फोडला मी त्याच्या नाकावर. तडा गेला. सस्तिक काढलंय न्हवं, त्याच्याखाली हाय तडा. लुगदी भरली म्या. रोज पानी आत जातंय, बॅटरीवर. काढा आता वायर, मंग मला काय ते बोला. आदी वायर काढा!"

तो वाकला आणि पहिल्यांदाच, दुपारपासून पहिल्यांदाच, त्याने कासवाला हात लावला. चटका बसल्यासारखा मागे घेतला. बोर्डाचं बटण बंद झालं, पिन निघाली. नखाने त्याने स्वस्तिक खरवडलं. खालून करडी लुगदी निघाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना तडा आता केसाएवढा नव्हता. करंगळी जाईल एवढा उचकटला होता. आतलं चंदेरी पाकीट पुरीसारखं टम्म फुगलेलं दिसत होतं.

"अरे देवा. टँकमध्ये टाकू? पाण्यात विझेल ना?"

"पोरी हायत पान्यात!"

"हो. हो. मग?"

"मागच्या अंगनात. उघड्यावर. धरा गाडी. हळू! आदळू नका. ते दार उघडा, ह्यो दगड लावा."

ढकलगाडीची चाकं फरशीच्या प्रत्येक सांध्यावर खडखडत होती. उंबरठ्याशी बनुबाईने पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळला आणि गाडी अंगठ्याएवढी उचलून पलीकडे टेकवली. औषधाच्या खोलीची भिंत ओलांडली, वाळत घातलेले टॉवेल ओलांडले, आणि अंगणाच्या मधोमध, जिथे वर पत्रा नाही, शेजारी झाड नाही, गाडी उभी केली.

"सरा मागं," ती म्हणाली. "आजून. आजून."

ती स्वतः मात्र बोळाकडे धावली. दिशा मुलींना काठावर गोळा करत होती. "दिशाताई, बोळातनं न्हाई. पोरींना फुडच्या दारानं काढा. टॉवेल मी आनून देते. कपडे मागनं."

"अहो, रस्त्यावर? टॉवेलमध्ये?"

"ऑफिसात बसवा. पन बोळात नको."

दिशाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. बावीस मुली टॉवेल गुंडाळून, पेंग्विनसारख्या डुलत, हसत, एकमेकींना ढकलत ऑफिसकडे गेल्या. एक थांबून म्हणाली, "बनुमावशी, कासवाला काय झालं?" बनुबाई म्हणाली, "ताप आलाय." मुलगी हसली.

बनुबाई अंगणात परतली तेव्हा पार्थचा फोन कानाला होता. या वेळी सेल्सवाला नव्हता, दुरुस्तीवाला होता. कानिफनाथ नावाचा. आवाज स्पीकरवर टाकलेला.

"फुगलीय? डोळ्यांनी बघितली? मग ऐका. स्क्रूला हात लावायचा नाही. आत काय झालंय बघू, असलं काही करायचं नाही. मोकळ्यावर आहे ना? क्लोरीनपासून लांब? बास. तसंच राहू द्या. धूर दिसला तर जवळ जायचं नाही, तो धूर छातीत घ्यायचा नाही, सरळ फायर ब्रिगेडला फोन करायचा. मी सुप्यात आहे, तासाभरात येतो, बॅटरी न्यायची पेटी घेऊन."

"चार्जिंगला फक्त पाच-सात मिनिटं होतं," पार्थ म्हणाला.

कानिफनाथ म्हणाला, "फुगलेल्या बॅटरीला चार्जर दाखवायचाच नसतो, साहेब. अजून अर्धा तास ठेवली असती तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "मार बसला होता का? पडलं कुठे?"

पार्थने बनुबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"मार बसला होता," तो म्हणाला. "खंडेनवमीला."

"नारळ?" कानिफनाथ म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दसऱ्यानंतर आमच्याकडे कुंकू लावलेल्या मशिनी येतातच हो. मागे एकाच्या चार्जिंगच्या भोकात अक्षता निघाल्या. पूजा करा, पण फूल वाहा, पाणी-नारळ लांब ठेवा. आलोच."

फोन बंद झाला. दोघं पंधरा-वीस पावलांवर उभे राहिले. कासव उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात गाडीवर बसलं होतं, निळी पाठ, खरवडलेलं स्वस्तिक. दहा मिनिटं गेली. धूर आला नाही. वीस गेली. एकदा आतून पुन्हा टिकटिकलं आणि दोघंही एकदम मागे सरकले. पण पुढे काहीच नाही. सातविणीचा उग्र वास तेवढा अंगणात भरून राहिला होता.

न पेटलेल्या वस्तूसमोर उभं राहणं अवघड असतं. पेटली असती तर धावपळ झाली असती, कुणी कुणाला काही विचारलं नसतं.

"अठरा दिवस," पार्थ म्हणाला. हळूच.

"व्हय."

"अठरा दिवस त्या मुली त्याच्या शेजारून जात होत्या. तुम्हाला माहीत होतं."

"मी दुपारी लावायची. पोरी नसायच्या तवा. हात ठिवून बसायची. उठत न्हवते."

"हात ठेवून? हात ठेवून काय होतं मावशी? आग लागली असती तर तुमचा हात आधी जळाला असता, एवढंच!"

"व्हय. एवढंच."

तो पुन्हा उसळला. "त्याच दिवशी सांगितलं असतं तर? एक फोन केला असता. तडा बुजवून दिला असता त्यांनी."

"आन् मला?"

"तुम्हाला काय?"

"मला ठिवलं असतं?" तिने पहिल्यांदा वर बघितलं. "गेल्या साली गेटवरच्या रंगनाथनं पंप चालू ठिवला, मोटार जळाली. त्याला कुठं ठिवला तुमी? दुसऱ्या दिशी गेटवर नवा मानूस. मी बघितलं न्हाई व्हय?"

पार्थ मोठ्याने म्हणाला, "पण हे साधं आहे! त्या पुस्तकात लिहिलंय सगळं. मार बसला, गरम झालं, फुगलं तर वापरू नका. पहिल्याच पानावर!"

"कुठल्या पुस्तकात?"

"मशीनच्या."

"ते तुमच्या खनात हाय. कुलपात. इंग्रजीत." बनुबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं पार्थला वाटून गेलं. "मला वाचता येत न्हाई. पर ऐकता येतंय. कुनी वाचून दाखवलं मला? 'मावशी, ह्ये लावा, मावशी, ह्ये काढा', एवढंच. अन् ह्यो बोर्ड पोरींच्या दाराशी म्या बसवला का? का वायर वाचती म्हनून तुमी बसवला? पुस्तकात तसं लिवलंय का?"

पार्थ बोर्डाच्या दिशेने बघत राहिला. बोळातून मुलींच्या चपलांचा ढीग दिसत होता, तशाच उलट्यासुलट्या.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "लई चुकलं. पोरींस्नी काई झालं असतं तर मी ह्याच टाकीत उडी घेतली असती, मला पोहता बी येत न्हाई. ते सांगायला पायजे हुतं, म्या सांगितलं न्हाई. आता सांगितलं. उशिरा, पन म्याच सांगितलं. मला कुनी पकडलं न्हाई."

फोन वाजला. पार्थने बघितलं. आप्पासाहेब. त्याने घेतला नाही, वाजू दिला. वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजायला लागला.

बनुबाई भिंतीकडे गेली. तिथे लांब दांड्याचा जुना ब्रश टेकवलेला होता, दोन वर्षं न वापरलेला. तिने त्याचे केस अंगठ्याने मोडून बघितले. चालण्यासारखे होते.

"पाच वाजल्यात," ती म्हणाली. "आत्ता धरलं तर आठपतुर तळ निघतोय. फुलं जड न्हाईत, वर येत्याल. दिशाताईंना जाळी धरायला सांगते. उद्याच्याला पानी चकाक दिसंल."

पार्थ फोनच्या पडद्याकडे बघत होता.

"ते मी आज करतेच. त्याचं इचारत न्हाई मी." तिने ब्रशचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "उद्याचं इचारते. उद्या सकाळी येऊ का मी कामाला? का आज रातच्याला मुकादमाला फोन करू? जे असंल ते सांगा दादा, वाईट वाटून घेनार न्हाई. पन आत्ता सांगा. आत खाटेवर मानूस पडलाय, त्याला काय सांगू, ते सांगा."

फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. पार्थने तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मग अंगणातल्या त्या निळ्या पाठीकडे बघितलं, वाजणारा फोन मुठीत आवळला, आणि मागचं फाटक ढकलून, हो की नाही ते न सांगताच, बाहेर निघून गेला.